पडत्या शेअरचे दोन दावे

अमेरिकेत एखाद्या मोठ्या कंपनीच्या शेअरचा भाव अचानक कोसळला, की थोड्याच दिवसांत तिच्यावर पुष्कळदा दोन निरनिराळे दावे दाखल होतात. पहिला दावा बाजारातून शेअर विकत घेतलेल्या गुंतवणूकदारांचा असतो आणि कंपनीने खोटी किंवा अर्धवट माहिती देऊन भाव फुगवून ठेवला होता, अशी त्यांची तक्रार असते. दुसरा दावा त्याच कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा असतो आणि आपल्या निवृत्तीच्या शिलकीत हा बुडता शेअर राहू देऊन कंपनीने विश्वस्ताचे कर्तव्य मोडले, असे त्यांचे म्हणणे असते. घटना एक, प्रतिवादी एक, कागदपत्रेही बहुतांशी तीच. मात्र कायदे दोन, त्यांची कुळे वेगळी आणि त्यांनी विचारलेले प्रश्नही वेगळे. या दोन्ही आघाड्यांवर कंपनीचा बचाव करणे हा तिथल्या मोठ्या वकिली पेढ्यांमधील एक स्वतंत्र व्यवसाय झाला असून, एखाद्या वकिलाची तीस-चाळीस वर्षांची कारकीर्द त्यातच सरू शकते. हा व्यवसाय कसा घडला याचे उत्तर वकिलांच्या इतिहासापेक्षा कामगारांच्या इतिहासात अधिक सापडते. कारण कामगाराचे म्हातारपण शेअरच्या भावाला बांधले गेले, तेव्हापासूनच हे दोन कायदे एकमेकांच्या अंगणात येऊ लागले.

पहिल्या कायद्याचे मूळ १९२९ च्या पडझडीत आहे. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळल्यानंतर सेनेटच्या बँकिंग समितीने चौकशी आरंभली आणि १९३३ च्या जानेवारीत तिचे प्रमुख वकील झालेले, सिसिलीत जन्मलेले फर्डिनांड पेकोरा यांनी वॉल स्ट्रीटवरील बड्या बँकांच्या प्रमुखांची जी उलटतपासणी केली, तिच्यामुळे सामान्य ठेवीदाराला आपला पैसा कसा खेळवला गेला हे प्रथमच उघड्यावर दिसले. या चौकशीच्या वातावरणात १९३३ चा रोखे कायदा आणि १९३४ चा रोखे बाजार कायदा संमत झाले व दुसऱ्या कायद्याने रोखे व विनिमय आयोग स्थापन केला. ‘रोखे’ या शब्दात येथे शेअर, कर्जरोखे आणि तत्सम सर्व गुंतवणूकपत्रे येतात. कोणता शेअर चांगला आणि कोणता वाईट हे सरकारने ठरवू नये, परंतु विकणाऱ्याने महत्त्वाची सगळी माहिती खरेपणाने सांगितलीच पाहिजे, हे या कायद्यांचे तत्त्व होते. नव्या शेअरविक्रीच्या नोंदणीपत्रकात खोटे विधान आढळल्यास कंपनीला जवळजवळ कोणतीच सबब चालत नसे. संचालक आणि विक्रीचे हमीदार यांना मात्र आपण वाजवी चौकशी केली होती, असे सिद्ध करून सुटता येई. बचावाच्या वकिलीचे पहिले पाऊल या ‘वाजवी चौकशी’च्या सवलतीवर पडले, आणि कितीतरी वर्षे ते पाऊल न्यायालयात नव्हे तर कचेरीतील टेबलावर, माहितीपत्रकाचा मसुदा ओळीओळीने तपासण्यातच पडत राहिले.

खाजगी दाव्यांची खरी गंगोत्री १९४२ सालातील एका छोट्या नियमात आहे. महायुद्धामुळे आयोगाची कचेरी त्या काळी वॉशिंग्टनहून फिलाडेल्फियास हलवण्यात आली होती. बोस्टनमधील एका कंपनीचा अध्यक्ष आपल्या भागधारकांना धंद्याचे निराशाजनक चित्र रंगवून सांगत आहे आणि त्यांचे शेअर स्वतः स्वस्तात विकत घेत आहे, अशी खबर तेथे आली. विकणाऱ्याच्या फसवणुकीवर आयोगाजवळ इलाज होता, पण विकत घेणाऱ्याच्या फसवणुकीवर नव्हता. आयोगातील वकील मिल्टन फ्रीमन यांनी १९३३ च्या कायद्यातील फसवणुकीचे शब्द आणि १९३४ च्या कायद्याच्या दहाव्या कलमाचा अधिकार एकत्र जोडून त्याच दिवशी मसुदा केला. आयोगाच्या सदस्यांत तो कागद फिरला, आपण फसवणुकीच्या विरोधातच आहोत ना, अशा आशयाचे एकच वाक्य समनर पाइक या सदस्यांनी उच्चारले, आणि नियम संमत झाला. हाच तो ‘१०-बी-५’ नियम. त्यात नागरिकाला दावा करण्याचा अधिकार दिल्याचे एक अक्षरही नाही. तो अधिकार १९४६ मध्ये फिलाडेल्फियाच्याच संघीय न्यायालयाने कार्डन विरुद्ध नॅशनल जिप्सम या खटल्यात गृहीत धरला आणि पुढे देशभरच्या न्यायालयांनी तो उचलून धरला. पुढील सगळी इमारत एका दिवसात लिहिलेल्या आणि दाव्याविषयी काहीही न बोलणाऱ्या नियमावर उभी आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे बचावपक्षाने नंतरची अनेक दशके या नियमाची कक्षा आकसून घेण्यासाठी एवढी शक्ती का खर्च केली, हे उमगते. स्वतः फ्रीमन हे पुढे वॉशिंग्टनमधील एका मोठ्या खाजगी पेढीत दाखल झाले. आयोगात कायदा शिकून कंपन्यांच्या बाजूला येणे ही या व्यवसायातील रूढ वाट तेव्हापासूनच पडत गेली होती.

दावे मोठ्या प्रमाणात येऊ लागले ते १९६६ नंतर. त्या वर्षी संघीय दिवाणी प्रक्रियेचा तेविसावा नियम बदलला आणि समूहदाव्याला नवे रूप मिळाले. समूहदावा म्हणजे एका किंवा काही जणांनी, त्यांच्यासारखेच नुकसान झालेल्या सर्वांच्या वतीने केलेला दावा; नव्या नियमानुसार ज्याने स्पष्टपणे बाहेर पडायचे कळवले नाही तो प्रत्येक जण आपोआप त्यात धरला जाऊ लागला. शंभर-दोनशे डॉलरच्या नुकसानीसाठी एकटा माणूस वकील करू शकत नाही, पण लाखो माणसांची नुकसानी एकत्र झाली की वकिलाला दावा स्वखर्चाने चालवून अखेरीस वसूल रकमेतील हिस्सा घेणे परवडते. प्रतिपक्षाची अशी स्वतंत्र बिरादरी निर्माण झाल्याखेरीज बचावाची बिरादरी निर्माण झाली नसती. १९७४ च्या आयझेन खटल्यात वादीचे स्वतःचे नुकसान सत्तर डॉलरचे होते आणि ज्यांची नावे-पत्ते सापडू शकत होते असे गटातील लोक साडेबावीस लाख होते. प्रत्येकाला टपालाने सूचना द्यावी आणि तिचा खर्च वादीनेच सोसावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तेव्हाच्या दहा सेंटांच्या तिकिटाने हिशेब केला तर केवळ टपालहशील सव्वादोन लाख डॉलर होत होते. दाव्याच्या गुणावगुणात न शिरता दाव्याचे दार अरुंद करता येते, हा धडा बचावाच्या वकिलांनी येथे गिरवला.

समूहदाव्याच्या १९६६ च्या नियमबदलापेक्षाही १९६८ चा बारक्रिस खटला कंपन्यांच्या कचेऱ्यांत अधिक धडकी भरवणारा ठरला. बोलिंगच्या खेळगृहांची बांधणी करणाऱ्या या कंपनीने कर्जरोखे विकले व नंतर तिचे दिवाळे निघाले. न्यायालयाने संचालक, हमीदार आणि हिशेबतपासनीस यांची एकेक करून ‘वाजवी चौकशी’ तपासली आणि कोणाचीच पुरेशी ठरवली नाही. संचालक मंडळावर बसलेला कंपनीचा वकीलही त्यातून सुटला नाही. संचालकांच्या जबाबदारीचा विमा त्या काळापर्यंत फारसा कोणी घेत नसे, पण डेलावेअर राज्याने १९६७ मध्ये कंपन्यांना असा विमा घेण्याची स्पष्ट मुभा दिली होती आणि बारक्रिसनंतर तो झपाट्याने पसरला. या विम्याचे एक वैशिष्ट्य पुढील सगळ्या इतिहासावर परिणाम करणारे आहे: वकिलाची फी बहुधा त्याच विम्याच्या मर्यादेतून जाते, म्हणजे बचाव जितका लांबतो तितकी तडजोडीसाठी उरलेली रक्कम आटत जाते. दावा लढावा की मिटवावा, या प्रश्नाचे उत्तर यापुढे कायद्याच्या पुस्तकाइतकेच विम्याच्या पॉलिसीतही शोधावे लागले.

सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाचा कल बदलला. ज्याने प्रत्यक्ष खरेदी किंवा विक्री केली त्यालाच दावा करता येईल, असे १९७५ मध्ये ब्लू चिप स्टँप्स खटल्यात ठरले. निव्वळ निष्काळजीपणा पुरेसा नाही, फसवण्याचा हेतू दाखवावा लागेल, असे १९७६ मध्ये हॉखफेल्डर खटल्यात ठरले. हे दोन्ही बचावाचे मोठे विजय होते. परंतु १९८८ मधील बेसिक विरुद्ध लेव्हिन्सन या निकालाने पारडे पुन्हा फिरले. उष्णतारोधक विटांचे साहित्य बनवणाऱ्या बेसिक कंपनीने विलीनीकरणाची बोलणी चालू असताना ती नाहीत, असे तीनदा सांगितले होते. प्रत्येक भागधारकाने ते निवेदन वाचून शेअर विकला हे सिद्ध करायचे ठरवले असते, तर समूहदावा अशक्यच झाला असता, कारण प्रत्येकाची हकिकत वेगळी निघाली असती. न्यायालयाने त्यावर अर्थशास्त्रातून तोडगा काढला. मोठ्या, उलाढालीच्या बाजारात उपलब्ध असलेली सर्व जाहीर माहिती भावात उतरलेली असते, हा ‘कार्यक्षम बाजारा’चा सिद्धांत शिकागोचे यूजीन फामा यांनी १९७० मधील निबंधात सुव्यवस्थित मांडला होता, त्याचा आधार घेऊन, जो भावावर विसंबला तो त्या भावात मिसळलेल्या असत्यावरही विसंबला असे मानावे, असे चार विरुद्ध दोन मतांनी ठरले. यालाच ‘बाजाराची फसवणूक’ असे नाव पडले. एका अर्थशास्त्रीय सिद्धांताने लाखो लोकांचे दावे एका सूत्रात ओवले गेले, आणि त्या दिवसापासून वकिलाच्या शेजारी अर्थतज्ज्ञाची खुर्ची कायमची मांडली गेली.

नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातील तंत्रज्ञान कंपन्यांची तक्रार अशी होती, की भाव घसरला की चौकशीही न करता दावा ठोकला जातो आणि कागदपत्रे पुरवण्याचा खर्च इतका अवाढव्य असतो की निर्दोष कंपनीही पैसे देऊन सुटका करून घेते. तक्रारीत तथ्य होते; वादीपक्षाच्या एका अग्रगण्य पेढीतील प्रमुख भागीदारांनी ठरीव वादींना गुप्तपणे पैसे दिल्याचा गुन्हा २००७-०८ मध्ये कबूल केला व त्यांना तुरुंगवास झाला, यावरून त्या काळच्या प्रथेची कल्पना येते. पण तक्रारीत अतिशयोक्तीही होती, कारण फसवणारे खरोखरच फसवत होते. १९९५ च्या डिसेंबरात संसदेने खाजगी रोखेदावे सुधारणा कायदा संमत केला, अध्यक्ष क्लिंटन यांनी १९ तारखेला तो नाकारला आणि दोन्ही सभागृहांनी, प्रतिनिधिगृहाने ३१९ विरुद्ध १०० व सेनेटने ६८ विरुद्ध ३० मतांनी, तो नकार मोडून काढला. नव्या कायद्याने वादपत्रातच फसवणुकीच्या हेतूचे ‘प्रबळ अनुमान’ निघेल इतके तपशील मागितले, आणि दावा प्रारंभीच फेटाळावा असा प्रतिवादीचा अर्ज निकाली निघेपर्यंत कागदपत्रांची मागणी गोठवून टाकली. या दुसऱ्या तरतुदीचे महत्त्व मोजता येणार नाही इतके मोठे आहे. अमेरिकी दिवाणी खटल्यात प्रतिपक्षाचे पत्रव्यवहार, टिपणे, हिशेब मागवणे आणि साक्षीदारांच्या शपथेवर जबान्या घेणे हाच सर्वांत लांब व खर्चिक टप्पा असतो. तो टप्पा येण्यापूर्वीच लढाई संपवण्याची संधी आता बचावाला मिळाली. यामुळे या क्षेत्रातील वकिलाचे मुख्य कसब न्यायालयातील वक्तृत्वाकडून पन्नास-साठ पानांच्या लेखी युक्तिवादाकडे सरकले. टेलॅब्ज खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रबळ’ या शब्दाचा अर्थ लावताना सांगितले, की हेतूचे अनुमान निर्दोषपणाच्या अनुमानाइतके तरी पटण्याजोगे असले पाहिजे. म्हणजे घडल्या गोष्टीची दुसरी, निर्दोष आणि अधिक विश्वासार्ह कथा सांगता येणे हेच बचावाचे काम झाले.

अशी कारकीर्द पत्करणाऱ्या तरुण वकिलाचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो. विधिमहाविद्यालयातून बाहेर पडल्यावर एखाद-दोन वर्षे संघीय न्यायाधीशाचा साहाय्यक, मग मोठ्या पेढीत सात-आठ-दहा वर्षे कनिष्ठ वकील, आणि निभावले तर भागीदारी. पूर्वी ही कनिष्ठ वर्षे गोदामांतील कागदांच्या खोक्यांत जात; २००६ मध्ये प्रक्रिया नियमांनी संगणकीय नोंदींची दखल घेतल्यानंतर ती पडद्यावरील ई-मेल वाचण्यात जाऊ लागली. प्रत्यक्ष पंचमंडळासमोर चाललेला रोखे खटला मात्र पुष्कळांच्या वाट्याला आयुष्यात एकदाही येत नाही. जेडीएस युनिफेज कंपनीचा ओकलंड येथील २००७ चा खटला बचावाने पूर्णपणे जिंकला. हाउसहोल्ड इंटरनॅशनलचा २००९ चा खटला बचावाने हरला, त्यावरचा जवळपास अडीच अब्ज डॉलरचा हुकूमनामा अपिलात २०१५ मध्ये रद्द झाला आणि पुढील वर्षी दीड अब्जांहून अधिक रकमेवर तडजोड झाली. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच असल्यामुळे ती या व्यवसायात पुराणकथांसारखी सांगितली जातात.

दुसऱ्या कायद्याचे कूळ अगदीच वेगळे आहे आणि त्याची जन्मकथा बाजारात नव्हे, कारखान्यात घडली. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील स्टुडबेकर मोटारींचा कारखाना १९६३ च्या डिसेंबरात बंद होत असल्याचे जाहीर झाले आणि पुढील वर्षी तिथली पेन्शन योजना गुंडाळण्यात आली. दिलेल्या वचनाइतका पैसा निधीत नव्हता. साठी गाठलेल्या सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ या वयातील, दहा वर्षांवर नोकरी झालेल्या सुमारे ४,००० कामगारांना त्यांच्या हक्काच्या सरासरी पंधरा टक्के रक्कम मिळाली. बाकीच्यांना काहीही नाही. एकोणसाठ वर्षांच्या माणसाने तीस-चाळीस वर्षे राबून एका वर्षाच्या फरकाने हक्काच्या शंभरातील पंच्याऐंशी गमवावेत, आणि त्यात कोणीही कायदा मोडलेला नसावा, ही स्थिती असह्य होती. न्यूयॉर्कचे सेनेटर जेकब जॅव्हिट्स यांनी त्यासाठी सात-आठ वर्षे चिकाटीने पाठपुरावा केला. अध्यक्ष फोर्ड यांनी २ सप्टेंबर १९७४ रोजी, तिथल्या कामगारदिनी, ज्या कायद्यावर सही केली तो ‘एरिसा’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो.

एरिसाने कंपन्यांना पेन्शन देण्याची सक्ती केली नाही. दिलीच तर ती कशी सांभाळावी याचे नियम घातले. त्यांतील सर्वांत दूरगामी नियम विश्वस्ताचा होता. मराठी वाचकाला ‘विश्वस्त’ हा शब्द देवस्थानांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या कारभारामुळे जवळचा आहे, आणि त्यामागील इंग्रजी न्यासविधीची परंपरा १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमातून आपल्याकडेही आलेली आहे. तीच परंपरा एरिसाने पेन्शन निधीला लावली: निधी हाताळणाऱ्याने केवळ लाभार्थ्यांच्या हितासाठी, जाणत्या आणि सावध माणसाच्या दक्षतेने वागावे, आणि चुकल्यास नुकसान पदरचे भरून द्यावे. पण देवस्थानच्या विश्वस्ताहून एक फरक होता. एरिसाने मालकालाच, किंवा त्याच्या अधिकाऱ्यांना, विश्वस्त होऊ दिले. कारखाना बंद करताना तो मालक, पेन्शनचा निधी सांभाळताना तोच विश्वस्त. एकाच डोक्यावर दोन टोप्या, असे न्यायालयेही म्हणू लागली. पेन्शनदाव्यांतील बचावाचा मोठा भाग, प्रतिवादीने वादग्रस्त कृती करताना कोणती टोपी घातली होती, या एका प्रश्नाभोवती फिरतो.

या प्रश्नाचे उत्तर बचावाच्या विरुद्ध गेल्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९९६ चा व्हॅरिटी खटला. मॅसी फर्ग्युसन या शेतीयंत्रांच्या कंपनीच्या मालकांनी तोट्यातील विभाग एका नव्या कंपनीत ढकलले आणि तिकडे गेलात तरी तुमचे लाभ सुरक्षित राहतील, असे कामगारांना पटवले. नवी कंपनी दुसऱ्याच वर्षी बुडाली. आपण तेव्हा मालक म्हणून बोलत होतो, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नाकारला. उलट १९८९ च्या फायरस्टोन निकालातून बचावाला एक देणगी मिळाली. योजनेच्या दस्तऐवजात अर्थ लावण्याचा अधिकार व्यवस्थापकाला दिलेला असेल तर त्याचा निर्णय न्यायालयाने सहसा बदलू नये, असे त्यात म्हटले होते. परिणामी देशभरातील योजनांत तसे एक वाक्य घातले गेले. वकिलाने दस्तऐवजात लिहिलेले एक वाक्य दहा वर्षांनी न्यायालयात दुसऱ्या वकिलाची ढाल होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. रोखेदाव्याहून येथे आणखी एक वेगळेपण होते: विश्वस्तविषयक दावे बहुधा पंचांपुढे जात नाहीत, न्यायाधीशच ते ठरवतो, त्यामुळे युक्तिवादाचा सूरही अधिक कोरडा आणि हिशेबी राहतो.

हे दोन प्रवाह पंचवीस वर्षे समांतर वाहत होते. त्यांना जोडणारा कालवा न्यायालयाने खोदला नाही, करकायद्याने खोदला. १९७८ च्या महसूल कायद्यात ‘४०१-के’ असे क्रमांकवजा नाव असलेले एक पोटकलम होते; पगारातील काही भाग कर न भरता निवृत्तीच्या खात्यात टाकण्याची सोय त्यातून निघते हे १९८० मध्ये टेड बेन्ना या सल्लागाराने ओळखले, आणि १९८१ मध्ये करखात्याने नियमांद्वारे त्याला दुजोरा दिला. कंपन्यांना ही सोय फार सोयीची वाटली, कारण जुन्या पेन्शनमध्ये ठरावीक रक्कम आजन्म देण्याचे ओझे मालकावर होते, तर नव्या खात्यात जे साठेल ते कामगाराचे आणि जे बुडेल तेही कामगाराचेच. पुष्कळ कंपन्या आपला हिस्सा रोख न देता स्वतःच्या शेअरच्या रूपाने देत. स्वतःच्या शेअरवरील जी दहा टक्क्यांची मर्यादा एरिसाने जुन्या पेन्शनला घातली होती, ती या खात्यांना लागू नव्हती. स्टुडबेकरच्या कामगाराचे वचन बुडाले होते. त्याच्या मुलाच्या पिढीत वचन उरलेच नाही, भाव तेवढा उरला.

तो भाव बुडाल्यावर काय होते ते एन्रॉनने दाखवले. ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरच्या आसपास असलेला ह्यूस्टनच्या या वीज आणि वायू व्यापारी कंपनीचा शेअर २ डिसेंबर २००१ च्या दिवाळखोरीच्या वेळी एका डॉलरच्याही खाली होता. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिखात्यांतील सुमारे साठ टक्के रक्कम याच शेअरमध्ये अडकलेली होती, आणि नेमकी पडझड चालू असताना योजनेचा व्यवस्थापक बदलण्याच्या कारणाने त्यांना काही दिवस शेअर विकण्याचीही सोय नव्हती. महाराष्ट्राला दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे हे नाव वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे. पण ह्यूस्टनमधील साठीला आलेल्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने एन्रॉन म्हणजे एकाच महिन्यात गेलेली नोकरी आणि गेलेली शिल्लक होती. गुंतवणूकदारांच्या दाव्यांतून सात अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम वसूल झाली. कर्मचाऱ्यांच्या दाव्यात ह्यूस्टनच्या न्यायाधीश मेलिंडा हार्मन यांनी २००३ मध्ये विश्वस्तांवरील बहुतेक आरोप पुढे चालू दिले, आणि त्यानंतर भाव पडला की रोखेदाव्याच्या पाठोपाठ एरिसादावा येणे नेमाचे झाले. दोन्ही दाव्यांत परस्परविरोधी बोलून चालणार नव्हते. रोखेदाव्यात मांडलेली भूमिका दुसऱ्या दिवशी एरिसादाव्यात पुरावा म्हणून समोर येऊ शकत होती. दोन्ही कायदे जाणणारा वकील ही आता चैन राहिली नाही.

एरिसादाव्यात बचावाजवळ एक जुने शस्त्र होते. फिलाडेल्फिया येथील तिसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९९५ मध्ये मोएंच खटल्यात म्हटले होते, की ज्या योजनेचा हेतूच कर्मचाऱ्यांना कंपनीचे भागधारक करण्याचा आहे तिच्यात तो शेअर ठेवणे शहाणपणाचेच होते असे प्रथमतः गृहीत धरावे. या गृहीतकाच्या जोरावर पुढील दोन दशकांत कितीतरी दावे उंबरठ्यावरच पडले. कर्मचाऱ्याने म्हातारपणासाठी साठवलेला पैसा एकाच टोपलीत ठेवणे शहाणपणाचे मानावे, ही कल्पना विश्वस्ताच्या मूळ संकल्पनेला कधीच मानवणारी नव्हती, आणि ती इतकी वर्षे टिकली याचे श्रेय बचावाच्या वकिलांच्या कौशल्याला द्यावे लागते.

२०१४ च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन दिवसांच्या अंतराने दिलेले दोन निकाल या सगळ्या इतिहासाचे मर्मस्थान आहेत. २३ जूनला हॅलिबर्टन खटल्यात, कार्यक्षम बाजाराचे बेसिकमधील गृहीतक मोडीत काढावे अशी बचावाची मागणी न्यायालयाने फेटाळली. मात्र त्या विशिष्ट असत्याचा भावावर परिणाम झालाच नव्हता, हे समूहदाव्याला मान्यता मिळण्यापूर्वीच सिद्ध करण्याची संधी बचावाला दिली. २५ जूनला, सिनसिनाटीच्या फिफ्थ थर्ड बँकेच्या खटल्यात, मोएंचचे गृहीतक न्यायालयाने एकमताने रद्द केले. गृहकर्जांच्या संकटात या बँकेचा शेअर ७४ टक्के घसरला होता. वरवर पाहता बचावाचा हा दुहेरी पराभव होता. परंतु न्यायमूर्ती ब्रायर यांनी दुसऱ्या निकालात पुढे लिहिले, की शेअर सार्वजनिक बाजारात असेल तर भाव चुकीचा आहे हे विश्वस्ताने जाहीर माहितीवरून ओळखायला हवे होते, असा आरोप सर्वसाधारणपणे ग्राह्य धरता येणार नाही. कारण विश्वस्ताने बाजारावर विश्वास ठेवणे वाजवी आहे. ज्या सिद्धांताने १९८८ मध्ये गुंतवणूकदारांना दावा मिळवून दिला, त्याच सिद्धांताने आता कर्मचाऱ्यांचा दावा अडवला. आतल्या गोटातील गुप्त माहितीच्या बाबतीतही तिढा कायम राहिला: वाईट बातमी ठाऊक असलेल्या अधिकाऱ्याने कर्मचाऱ्यांचे शेअर गुपचूप विकले तर रोखे कायदा मोडतो, आणि गप्प बसला तर विश्वासघात होतो. न्यायालयाने सांगितले, की अधिकाऱ्याने रोखे कायदा न मोडता दुसरे काय करायला हवे होते आणि त्याने निधीचे भले होण्याऐवजी नुकसानच होईल असे शहाण्या विश्वस्ताला का वाटले नसते, हे वादीनेच दाखवावे. ही अट पार करणारे दावे त्यानंतर फारच थोडे निघाले. हरलेल्या खटल्यातून बचावाने पूर्वीपेक्षा बळकट भिंत मिळवली होती. आणि कामगाराच्या बाजूने पाहिले, तर शब्दांत मिळालेला न्याय व्यवहारात बराचसा परत गेला होता, हे नमूद केल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाही.

याच सुमारास भारताचाही या व्यवसायाशी जवळून संबंध आला. सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली, तेव्हा कंपनीच्या शेअरवर आधारलेली ठेवपत्रे न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेली असल्यामुळे तिथे समूहदावा उभा राहिला आणि २०११ मध्ये कंपनीने साडेबारा कोटी डॉलर देऊन तो मिटवला. तोपर्यंत कंपनी महिंद्र समूहाकडे आली होती आणि पुढे ती पुण्यात मुख्य कचेरी असलेल्या टेक महिंद्रात विलीन झाली. अमेरिकी बाजाराबाहेरील व्यवहारांना १०-बी-५ लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मॉरिसन खटल्यात ठरवलेले असल्याने, मुंबईच्या बाजारातून तोच शेअर घेतलेल्या भारतीय भागधारकाला त्या तडजोडीचा लाभ झाला नाही. भागधारकांच्या समूहदाव्याची तरतूद २०१३ च्या कंपनी अधिनियमात आली. परंतु आपल्याकडे अशा प्रकरणांचे केंद्र अजूनही सेबी आणि मुंबईतील रोखे अपील न्यायाधिकरण हेच असून, दाव्याच्या जोखमीवर पैसे लावणारी वादींची बिरादरी नसल्यामुळे त्या अर्थाची बचावाची बिरादरीही उभी राहिलेली नाही.

अमेरिकेत मात्र काम आटले नाही, त्याचे रूप बदलले. एन्रॉननंतर, २००६ च्या पेन्शन संरक्षण कायद्याने कर्मचाऱ्यांना खात्यातील कंपनीचा शेअर विकून पैसा इतरत्र गुंतवण्याचा हक्क दिला आणि अनेक कंपन्यांनी स्वतःचा शेअर योजनेतून कमी केला. त्याच वर्षापासून सेंट लुइसच्या जेरोम श्लिक्टर यांच्या पुढाकाराने दाव्यांची एक वेगळीच लाट सुरू झाली, जिचा विषय शेअरचा भाव नसून निधीवर आकारली जाणारी फी हा होता. वर्षाला अर्ध्या टक्क्याची जादा फी तीस वर्षांत शिलकीचा केवढा भाग खाते, याचे कोष्टक या वादपत्रांत असते. मोठ्या निधीला घाऊक दराने मिळणारे युनिट किरकोळ दराने का घेतले, असा प्रश्न एडिसन कंपनीच्या टिबल खटल्यात होता, आणि एकदा निवडलेल्या गुंतवणुकीवर सतत देखरेख ठेवणे हे विश्वस्ताचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. १७ एप्रिल २०२५ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एकमताने ठरवले, की निधीने सेवापुरवठादाराशी निषिद्ध प्रकारचा व्यवहार केल्याचे वादीने म्हटले म्हणजे पुरे. तो व्यवहार कायद्यातील सवलतीत बसतो, हे प्रतिवादीने दाखवायचे. उंबरठ्यावर दावा अडवण्याची जी कला या व्यवसायाने तीस वर्षे घोटली, तिच्यातील एक मोठे दार त्यामुळे उघडे पडले आहे. कॉर्नेल हे विद्यापीठ आहे. त्याला भागधारक नाहीत, बाजारात पडणारा शेअर नाही. त्या वादपत्रात प्राध्यापकांची आणि कर्मचाऱ्यांची खाती आहेत, आणि प्रत्येक खात्यावर दरसाल किती डॉलर फी आकारली गेली त्याचा हिशेब आहे.